बाबांचे वरचे दोन दात

माझ्या बापावर मी कविता लिहिली आणि ती सगळ्यांना आवडली, तिथून माझं डोकं फिरलं आहे.

बाबांना जाऊन वर्ष झालं, म्हणून अमरावतीला आमच्या जुन्या वस्तीत, विहाराच्या सभागृहात, त्यांच्या आठवणीचा कार्यक्रम ठेवला होता. बाबा ट्रंपेट वाजवायचे आणि गायचे. उभी हयात लग्नाच्या बँडमध्ये गेली, पण जीव होता जॅझमध्ये. जॅझ म्हणजे काय हे वस्तीत कुणाला ठाऊक नव्हतं, पण आपला माणूस काहीतरी वेगळं वाजवतो एवढं कळायचं आणि तेवढ्यावर सगळे खूश असत. मी अकोल्याला शाळेत मराठी शिकवते. कविसंमेलनांत बोलावतात मला, दोन संग्रह आहेत. त्यामुळे मंडळाच्या पोरांचा फोन आला, ताई, काव्यांजली तुम्हीच वाचायची. मला काय, सवयच आहे. बसले आणि चाळीस ओळी लिहिल्या. त्यात 'तुतारी' हा शब्द सहा वेळा आला. बाबांनी जन्मात त्या वस्तूला तुतारी म्हटलं नव्हतं. ते टरंपेट म्हणायचे, आणि लाडात आले की बाजा.

शेवटच्या कडव्यात मी लिहिलं की आयुष्याच्या सायंकाळी त्यांनी तृप्त मनानं, आपल्याच हातानं तुतारी खाली ठेवली. हे वाचताना माझा आवाज बरोबर जिथं कापायला हवा तिथं कापला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. साफ खोटं! बाबांनी काहीही खाली ठेवलं नव्हतं. मी त्यांच्या तोंडातून काढून घेतलं होतं, आणि तोंडातून म्हणजे खरोखर तोंडातून. कवितेत जे लिहायची माझी छाती झाली नाही, ते आता सरळ लिहिते.

बाबा विशीत असताना मुंबईला पळून गेले होते. बाजा वाजवायला शिकले ते चुलत्याकडून, इथंच. मुंबईत कुठल्याशा हॉटेलातल्या ऑर्केस्ट्रात लागले. तिथं एक गोव्याचा म्हातारा मास्तर होता, त्यानं त्यांना कागदावरचे सूर वाचायला शिकवलं आणि एक दिवस आपल्या खोलीवर नेऊन एक तबकडी ऐकवली. कुणी अमेरिकन काळा माणूस ट्रंपेट वाजवतोय आणि मधेच थांबून गातोय. बाबा सांगायचे, "त्याचा आवाज आयकला आन् मले वाटलं, ह्याच्याबी घशात आपल्यासारखीच धूळ गेली हाये." मास्तरनं त्यांना सांगितलं होतं की त्या देशात अशा वादकांना हॉटेलात मागच्या दारानं घ्यायचे. बाबांना याचं फार वाटायचं. "मानूस मागच्या दारानं जाये, आन् त्याचं गानं समोरच्या दारानं," असं म्हणून ते दोन्ही हातांनी दोन दारं दाखवायचे.

चार वर्षांनी आजोबा वारले आणि बाबांना परत यावं लागलं. अमरावतीत कुठलं आलं तसलं हॉटेल! ते बँड पार्टीत लागले. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर टोपी. एप्रिल-मेच्या उन्हात तो कोट घालून घोडीच्या पुढं चालायचं, वऱ्हाडातल्या उन्हात. घरी आले की आई तो कोट दोरीवर टाकायची, तर त्यातून पाणी ठिबकायचं.

पण त्या कोटातही बाबांनी मुंबई सोडली नाही. सिनेमाचं गाणं वाजवता वाजवता ते मधेच कुठंतरी निघून जात. गाण्याची चाल राहायची मागं, ढोल-ताशे राहायचे मागं, आणि बाबा एकटेच वर, बाजूला, खाली, कुठं कुठं हिंडून यायचे. नाचणारी पोरं गोंधळून उभी राहायची. बँडचा मालक खेकसायचा, "अबे, नवरदेव इकडं हाये, तू कुठी चालला?" आणि तेवढ्यात बाबा असे काही परत यायचे की ढोलवाला नेमका त्याच ठोक्यावर असायचा. मी लहानपणी विचारलं होतं, बाबा, जॅझ म्हणजे काय हो? तेव्हा ते म्हणाले होते, "घरून निघाचं, सारं गाव फिराचं, ज्याच्या त्याच्या ओसरीवर दोन मिनिटं टेकाचं, आन् जेवाच्या टायमाले बरोबर घरी याचं. वाट चुकली तं ते जाज नाई माय, आन् वाटेवाटेनंच गेलं तं तेबी जाज नाई."

इतकी वर्षं मी मराठी शिकवते आहे, पण कुठल्याही गोष्टीची इतकी सुंदर व्याख्या मला करता आलेली नाही. हे मी कवितेत घातलं नाही, कारण ते वऱ्हाडीत होतं आणि समोर अमरावतीचे प्राध्यापक बसणार होते.

गायचे तेही तसंच. आवाज खरखरीत, तळाला लागलेल्या पातेल्यावर उलथनं फिरवल्यासारखा. वाजवताना दमले की बाजा काखेत धरून गायला लागायचे, आणि शब्द आठवले नाहीत की नुसतंच डूबा-डाबा, दिबी-दिबी असलं काहीतरी. नवरीकडच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. एक बाई एकदा म्हणाली, "अवं, याले कोनी खडीसाखर द्या वं!" बाबा तिच्याकडे पाहून वाकले आणि त्याच चालीत खडीसाखर, खडीसाखर असं पाच मिनिटं गात राहिले. ती बाई शेवटी लाजून नाचायला लागली. मी तिथंच होते, आईचा हात धरून. त्या दिवशी माझ्या बापासारखा माणूस जगात नव्हता.

मग मी मोठी झाले. म्हणजे काय झालं, तर मला लाज वाटायला लागली.

आमच्याकडे रीत होती, अजूनही असेल, की बँडवाल्यांनी वरात मांडवाच्या दारापर्यंत आणायची आणि तिथंच थांबायचं. आत जायचं नाही. सगळ्या पंगती उठल्या की मग त्यांना मांडवाच्या मागं, भांडी घासायला बसतात तिथं, बसवून वाढायचं. वर्गातल्या एका मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला मी गेले होते, नवा ड्रेस घालून. हात धुवायला मागं गेले तर बाबा उकिडवे बसून जेवत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसले नाहीत, हाक मारली नाही, ओळखच दाखवली नाही. माझी अब्रू राखत होते ते. आणि मी काय केलं असेल? हात तसेच खरकटे घेऊन परत फिरले. मैत्रिणीनं विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, पाणी संपलंय.

बारावीला राजापेठेत दुसऱ्या माळ्यावर आमचा क्लास होता. खालून वरात चालली की सगळ्या मुली खिडकीत. एकदा बाबांची वरात आली. शेजारची म्हणाली, "अगं तो बघ, गाल कसे फुगवतोय, बेडूक मेला!" आणि मी हसले. मोठ्यानं हसले, सगळ्यांच्या आधी. रात्री जेवताना बाबा म्हणाले, "आज तुह्या क्लासखालून गेलो. वर पाह्यलं, पन ऊन डोयात होतं, काई दिसलं नाई." मी म्हटलं, आज क्लास नव्हता. आईनं त्यांच्या ताटात भाजी वाढली आणि विषय संपला.

तर असं सगळं. डी.एड., बी.एड., नोकरी, अकोल्यात लग्न, नवरा सरकारी खात्यात इंजिनिअर, कॉलनीत घर. बाबा वाजवतच राहिले. पुढं डीजे आले, बँड बसले, तरी ते राहिले.

अंजनगाव सुर्जीच्या एका लग्नात त्यांच्या तोंडाला धक्का बसला. ट्रंपेटवाल्याचा खरा शत्रू कोण, तर नाचणारा पिलेला पोट्टा. बाबा तोंडाला बाजा लावून वरचा सूर धरून होते आणि नवरदेवाचा कुणी मित्र उलटा नाचत येऊन बाजाच्या भोंग्यावर आदळला. पितळेचं तोंड बाबांच्या ओठांवर बसलं. ओठ फाटला, वरचे समोरचे दोन दात हलले. रुमाल तोंडात कोंबून ते मांडवापर्यंत नुसते चालले, आणि पुढच्या लग्नाला परत उभे.

त्या दातांशी त्यांनी जमवून घेतलं होतं. बाजा मधोमध लावायचा तो थोडा डावीकडे सरकवला. ओठांची घडी बदलली. वर्षभर धडपडले, आई सांगायची. रोज पहाटे भोंग्यात फडकं कोंबून एकच सूर धरायचे, आणि ज्वारीची भाकर थापत थापत पातळ करावी तसा तो लांबवत न्यायचे. त्या दोन हलत्या दातांच्या आधारानं ते पुढं पंधरा वर्षं वाजवत राहिले. दात हलायचे, पण त्यांना नेमकं माहीत होतं कुठल्या सुराला कुठला दात किती हलतो. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की बाप हसला की समोरचे दोन दात पिवळे आणि वाकडे दिसतात.

लग्नं सुटली तरी एक दिवस त्यांचा होता, जयंतीचा. अमरावतीच्या आमच्या वस्तीच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढं बाबा. त्या दिवशी लाल कोट नाही. पांढरा सदरा आणि निळा फेटा. चौकात मिरवणूक थांबायची आणि बाबांना सोडून सगळे गप्प व्हायचे. मग ते वाजवायचे, दहा मिनिटं, कधी पंधरा. तिथं कुणी म्हणायचं नाही की नवरदेव इकडं आहे. फिरायचं तेवढं फिरा. म्हाताऱ्या बाया गॅलरीतून ऐकत राहायच्या, आणि शेवटी बाबा गायचे, तेच खरखरीत गळ्यानं, आणि अख्खा चौक त्यांच्यामागं डूबा-डाबा म्हणायचा. सगळ्या वर्षात त्यांना हा एकच दिवस होता, जेव्हा ते कुणाच्या मागच्या दारात उभे नव्हते. मी हे पाहिलं आहे. पाहिलं नसतं तर निदान म्हणता आलं असतं की मला कल्पना नव्हती.

आई गेल्यावर मी बाबांना अकोल्याला आणलं. सोबत एक पेटी आणि बाजा. पहाटे गच्चीवर फडकं कोंबून वाजवायचे तरी शेजारचे साहेब एकदा माझ्या नवऱ्याला म्हणाले, तुमच्याकडे सकाळी म्हैस ओरडते का हो? नवरा हसून घरी आला आणि मला सांगितलं. मी बाबांना सांगितलं. बाबा दुसऱ्या दिवसापासून बाजा घेऊन कॉलनीच्या मागच्या पडीक जागेत जायला लागले.

माझ्या मुलीचा साखरपुडा ठरला फेब्रुवारीत. पाहुणे पुण्याचे, मुलगा तिथंच कंपनीत. माझ्या अंगात आलं होतं. पडदे बदलले, सोफ्याची खोळ बदलली, आणि मग माझी नजर बाबांच्या तोंडाकडे गेली. फोटो निघणार, व्हिडिओ निघणार, आजोबा म्हणून त्यांना पुढं बसवावं लागणार. मी म्हटलं, "बाबा, तेवढे समोरचे दोन दात काढून घ्या ना. नवे बसवू, छान दिसतील."

"राहू दे माय," ते म्हणाले, "त्याच्यावरच तं सारं चालते. अन् जयंती दोन महिन्यावर हाये."

"जयंतीला नव्या दातांनी वाजवा की. डॉक्टर काय आजकाल वाट्टेल ते करतात. माझ्यासाठी एवढं करा."

माझ्यासाठी म्हटल्यावर ते नाही म्हणायचे नाहीत, हे मला माहीत होतं. म्हणून तर म्हटलं.

दातांची डॉक्टर तरुण होती, माझ्याच एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची. बाबांना खुर्चीवर आडवं केलं, दिवा पाडला, आरसा घातला. थोडा वेळ पाहिलं आणि मग ती थांबली. बाबांच्या वरच्या ओठावर बाजाच्या तोंडाचा गोल घट्टा होता, पन्नास वर्षांचा. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही काही वाजवता का? फुंकायचं वाद्य?" आणि मग माझ्याकडे वळून, "मॅडम, वाजवत असतील तर मी काढायचा सल्ला देणार नाही. हलतात, पण मुळं अजून धरून आहेत. शेजारच्या दातांना मागून तारेनं बांधून देते. दिसायला काही बरं दिसणार नाही, पण अजून काही वर्षं निघतील."

बाबांचं तोंड उघडं होतं. त्यात आरसा होता, तिचं बोट होतं. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी फक्त डोळे फिरवून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "छे हो! ते त्यांनी केव्हाच सोडलं."

एवढंच. सहा शब्द. बारावीच्या पोरीला खिडकीत मैत्रिणींची लाज वाटते, समजू शकते मी. मी पन्नाशीची बाई होते. मला त्या डॉक्टरीणबाईची लाज वाटली का? नाही. मला बोलायचा कंटाळा आला होता. बँडवाले आहेत हे सांगा, मग ती म्हणणार अय्या, मग समजावून सांगा. आणि मागे पुण्याचे पाहुणे, फोटो. मी झटकून टाकलं, ताटावरची माशी झटकावी तसं.

पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होते की त्यांचं तोंड उघडं होतं, ते तरी काय करणार. पण डॉक्टरनं हात काढला होता नंतर. गुळणी करायला दिली होती. बाबा उठून बसले, गुळणी केली, नॅपकिनला तोंड पुसलं. अख्खं मिनिट होतं त्यांच्याकडे. ते बोलले असते तर मी त्या पोरीसमोर खोटी ठरले असते. ते परत आडवे झाले आणि त्यांनी स्वतःच तोंड उघडलं.

साखरपुड्याचे फोटो छान आले. सगळे म्हणाले, आजोबा किती तरुण दिसतात!

दोन दातांची कवळी बसल्यावर आठ दिवसांनी बाबा बाजा घेऊन मागच्या जागेत गेले आणि दहा मिनिटांत परत आले. मी पेपर तपासत होते. म्हणाले, "अवं, हवा चोरून रायली." मी मान वर न करता म्हटलं, होईल सवय. त्यांनी सगळं करून पाहिलं. कवळी लावून पाहिलं, तर वरच्या सुराला ती सुटून जिभेवर पडायची. कवळी काढून पाहिलं, तर ओठ त्या खळग्यात आत जायचा आणि नुसतं फुस्स. आणखी डावीकडे सरकवून पाहिलं. ओठ सोलला, गाल सुजला. डॉक्टरकडून कवळी दोनदा घासून आणली. डॉक्टरला कारण सांगितलं का, ते मी विचारलं नाही. महिनाभर ते रोज जात होते आणि रोज लवकर परत येत होते. एकदा मी गच्चीवर कपडे वाळत घालताना पाहिलं, ते बाभळीखाली दगडावर बसले होते, बाजा मांडीवर, आणि नुसती तीन बटणं दाबत होते. बोटांना सगळं येत होतं.

मी खाली आले आणि कुकर लावला.

जयंतीला ते अमरावतीला गेलेच. मी म्हटलं, या वर्षी राहू द्या. तर म्हणाले, "पोट्टे वाट पायतीन." मीही गेले सोबत. बाजा चिंचेनं घासून लखलखीत केला होता. चौकात मिरवणूक थांबली. आता पुढं डीजेची गाडी होती, पण पोरांनी मानानं ती बंद केली. सगळे गप्प झाले. बाबांनी बाजा ओठाला लावला, डोळे मिटले.

फुस्स.

लोकांना वाटलं, अजून सुरू व्हायचंय. थांबले. बाबांनी परत फुंकलं. एक सूर निघाला, अर्धा, आणि फाटला. कुणीतरी लहान पोर हसलं आणि त्याच्या आईनं त्याला दाबलं. बाबांनी बाजा काखेत धरला. मग त्यांनी सगळ्यांसमोर कवळी काढली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि गायला लागले. अर्धे शब्द नुसती हवा. डूबा-डाबा म्हणायलासुद्धा ओठ नीट मिटत नव्हते. चौकानं साथ दिली नाही असं नाही, दिली. पण ती साथ कशी होती, तर म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून द्यावा तशी. दोन मिनिटांत संपलं. टाळ्या झाल्या, कुणी हार घातला, डीजे सुरू झाला. मी पांढरी साडी नेसून दहा पावलांवर उभी होते आणि टाळ्या वाजवत होते. कवितेत मी या प्रसंगावर दोन कडवी केली आहेत. 'तुतारी मौन झाली, मग कंठच तुतारी झाला.' थू!

परतताना एसटीत बडनेरा गेल्यावर ते म्हणाले, "माय, पुढच्या वर्षी पोट्ट्यायले सांगजो, माह्यासाठी ते बंद करू नोका म्हना."

त्यानंतर ते गायलेही नाहीत. दोन वर्षं जगले. नीट जेवायचे, पेपर वाचायचे, माझ्या नवऱ्याशी क्रिकेटवर बोलायचे. मी माफी मागितली नाही. मागायची तर आधी कबूल करावं लागलं असतं की मी काय केलं, आणि ते म्हणाले असते, जाऊ दे माय. ते जाऊ दे मला ऐकायचं नव्हतं. त्यापेक्षा एखादी थोबाडीत परवडली असती. बाबांनी कधी टोमणाही मारला नाही. मी वाट पाहत होते त्याची.

आणि मग हा कार्यक्रम. कविता वाचून मी खाली उतरले. फोटोला हार, खुर्च्या आवरणं चाललेलं, चहा. बाबांच्या बँडमधले क्लॅरिनेटवाले काका काठी टेकत आले. पंच्याऐंशीच्या पुढचे असतील. बाबांचे जन्माचे दोस्त. अंजनगावच्या त्या लग्नात बाबांना रुमाल देणारे तेच. मी त्यांना खुर्ची दिली.

"कविता चांगली झाली पोरी," ते म्हणाले. "पन एक गोठ तुले माईत नसन म्हून सांगतो. त्यानं बाजा हातानं नाई ठेवला. त्याचे दात काढले नं, तिथं घात झाला."

मी म्हटलं, "तुम्हाला बाबांनी सांगितलं?"

"सांगतलं नं. मी फोनवर लय भांडलो त्याच्यासंग. म्हटलं, बह्याडा, तू त्या डाक्टरले सांगतलं काहून नाई का बाजा वाजोतो म्हून? तं तो म्हने, तिनं इचारलंच नाई. पोरीनं बिचारीनं चांगल्यासाठी नेलं होतं, म्हने. डाक्टरनं न इचारता उपटून टाकले." काकांचा आवाज चढला. "ओठावर एवढा घट्टा हाये, आंधयालेबी दिसन! अन् ते पोट्टी इचारत नाई? अवं, आमी सारे बँडवाले तिले आजवर शिव्या देऊन रायलो. अशा डाक्टरले तं कोर्टात खेचाले पायजे होतं का नाई, सांग?"

सभागृहात पंधरा-वीस माणसं होती अजून. मंडळाची पोरं चहाचे कप गोळा करत होती. काका माझ्या तोंडाकडे पाहत होते. माझं तोंड उघडं नव्हतं, त्यात आरसा नव्हता, कुणाचं बोट नव्हतं.

मी म्हटलं, "हो काका. पाहिजे होतं."

त्यांनी खुर्चीतूनच हात वर करून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "तुह्यासारखी लेक कोनाले भेटते, पोरी."